तोंडावर न सांगितलेलं

पुंडलिकनगरच्या घराला कुलूप लावून आईनं किल्ली समोरच्या मावशींकडं दिली.

"जपानला चालली लेकाकडं. आता आम्हाला कशाला ओळखशील?" मावशी म्हणाल्या.

"ओळखीन की. तुझं भांडी आपटणं तिथंबी आठवंल."

दोघी हसल्या, मग रडल्या. वडील गेल्यावर आई एकटी पडली होती. आता ती कायमची माझ्याकडं राहणार होती.

नागोयात शेजारच्या वयस्कर बाई आईला पाहिलं की कमरेत वाकायच्या. आईही हात जोडून वाकायची. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. त्या सुंदर कागदात गुंडाळून फळं आणून द्यायच्या. आई त्यांना आक्का म्हणायची. "लई गुणाची बाई," मला सांगायची.

एक दिवस इमारतीच्या ऑफिसातून फोन आला. पुन्हा पुन्हा माफी मागत त्यांनी सांगितलं, की पहाटे आमच्या घरातून थापटल्याचा आवाज येतो, शेजाऱ्यांना त्रास होतो. आई माझ्या नि बायकोच्या डब्यासाठी भाकरी थापायची. नाव त्यांनी घेतलं नाही, पण स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडं आक्कांचंच घर होतं. संध्याकाळी त्या जिन्यात भेटल्या, तशाच हसल्या, तशाच वाकल्या. मावशी असत्या तर खिडकीतून ओरडल्या असत्या आणि दुपारी चहाला आल्या असत्या.

मीही आईला खरं सांगितलं नाही. तिची एकुलती मैत्रीण तुटेल, असं वाटलं. "आई, तुझे हात दुखतात. भाकरी राहू दे, आम्हाला ब्रेड चालतो," म्हणालो. फार गोड बोललो.

आईनं काही दिवस डब्यात ब्रेडच दिला. मग म्हणाली, "मला माघारी सोड. माझ्या हातचं नको झालं तर तोंडावर सांगायचं. तू असा नव्हता."

"तसं नाही, आई."

"मग कसं?"

मी पुन्हा तिच्या हातांचंच कारण सांगितलं. आई परत निघाली तेव्हा आक्का खाली आल्या. टॅक्सी वळेपर्यंत वाकून उभ्या राहिल्या. "परक्या बाईला माया आली बघ," आई म्हणाली.

पुढं फोनवर आईला सगळं सांगितलं.

"तवाच सांगायचं होतं. मी पोळ्या लाटल्या असत्या."

आता घरी गेलो की आई मला रागवत नाही. काहीही विचारलं तरी "तुला बरं वाटंल तसं कर" म्हणते, फार अदबीनं. तुमच्यापैकी ज्यांची आई अजून तोंडावर बोलते, त्यांचं घर शाबूत आहे. मी मात्र माझ्याच घरी पाहुणा म्हणून जातो.