नकाशातले हे

नदीपात्रातल्या वाळूच्या पट्ट्यांवर मी दर पंधरवड्याला ड्रोन उडवतो. हे पट्टे पाण्याबरोबर सरकतात, वाढतात, आणि पूर कोणत्या काठावर चढणार ते त्यांच्या उंचीवरून ठरतं. संगणक फोटो जोडून नकाशा करतो. मग तो ऑफिसातल्या ताईंकडे जातो. त्यांचं काम एकच, वाळू नाही ते पुसायचं. म्हशी, होड्या, माणसं. चालतं माणूस दोन फोटोंत दोन ठिकाणी असतं, म्हणून नकाशात त्याचा फाटका, करडा डाग उरतो. आम्ही त्याला भूत म्हणतो. ताईंचा हात इतका साफ की सगळं ऑफिस त्यांना खोडरबर म्हणायचं, तोंडावरसुद्धा.

"खोडरबर, साहेबांना पण पुसा की एकदा," मी म्हणायचो.

"आधी तुझी कॉलर पूस, वैमानिका."

पण मधल्या पट्ट्यावरचा एक डाग त्या कधीच पुसत नसत. उकिडव्या बसलेल्या माणसाएवढा. मी ड्रोन खाली नेऊन पाहिलं होतं. तिथे चिटपाखरू नव्हतं. कॅमेरा बदलला, तरी डाग यायचाच. पट्टा खाली सरकला की तोही सरकायचा.

यंदा पाणी चढू लागलं तेव्हा साहेब ताईंच्या टेबलाशी आले. त्या डागापायी संगणक अख्खा पट्टा हातभर उंच धरत होता. त्याच्या हिशेबाने पाणी पलीकडे वळत होतं, आणि अलीकडच्या काठावरची गल्ली पुराच्या इशाऱ्यातून सुटत होती.

"ताई, हे काय आहे?" साहेबांनी डागावर बोट ठेवलं.

"हे आहेत."

"हो, पण काय आहेत?"

"हेच." त्यांनी पदर सारखा केला. "आमचे हे."

साहेबांचं बोट हळूच काचेवरून निघालं. ताईंचे यजमान नावाडी होते. मागे एका पुरात पट्ट्यावर अडकलेल्यांना आणायला गेले. माणसं सुखरूप आली. शेवटच्या खेपेला होडी एकटीच काठाला लागली.

"तुम्ही चहा घेऊन या," साहेब म्हणाले. "मी पुसतो."

"नको. परक्याचा हात नको."

माऊसचा बारीक आवाज झाला आणि वाळू सपाट झाली. गल्लीला इशारा गेला, घरं वेळेत रिकामी झाली, पाणी उंबऱ्यांवरून आत शिरलं. माणूस एकही गेलं नाही. त्यानंतर ताईंना कुणी खोडरबर म्हटलं नाही.

पाणी उतरल्यावर त्या माझ्याबरोबर होडीतून मधल्या पट्ट्यावर आल्या.

"न हललेलं माणूस नकाशात नीट येतं ना रे?"

"येतं. पण तुम्हाला कशाला..."

"तू उडव."

ड्रोन फिरत होता तोवर त्या ओल्या वाळूत बसून राहिल्या. आसपास कुणी नव्हतं, मी नीट पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी नकाशात त्या पदराच्या काठासकट स्वच्छ उमटल्या. शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून, करडा डाग.

ताई बराच वेळ बघत राहिल्या. मग खुर्चीवरून उठल्या आणि माऊस माझ्याकडे सरकवला.

"नकाशा आजच जायला हवा ना?"

मी मान डोलावली.

"आधी मला पूस," त्या म्हणाल्या. "मग ह्यांना."