चार घरांचा रिमोट

आमच्या बिल्डिंगमध्ये टीव्ही चार होते, रिमोट एक होता आणि तो माझ्या पायजम्याच्या खिशात असायचा.

हे असं का झालं ते सांगतो. बदलापूरला, खरवईच्या बाजूला, आम्ही तळमजला अधिक एक असं घर बांधलं आणि तीन बिऱ्हाडं भाडेकरूंना दिली. वर कांबळेकाका आणि काकू, त्यांच्यासमोर अंबरनाथच्या कंपनीत कामाला जाणारी दोन बॅचलर पोरं, आणि खाली आमच्या मागच्या बाजूला कोकणातले सावंत. माणसं सगळी चांगली. भांडण फक्त गच्चीवरच्या अँटेनांचं! वारा सुटला की प्रत्येकाची अँटेना दुसऱ्याच्या अँटेनेत अडकायची आणि प्रत्येक जण माझं दार वाजवायचा. "भाऊ, मुंग्या येतायत." "भाऊजी, आवाज येतो, माणसं दिसत नाहीत." रविवारची दुपार मी गच्चीवरच काढायचो. (मालक म्हणतात तो हाच!)

शेवटी वैतागून उल्हासनगरला एका ओळखीच्या सिंधी दुकानदाराकडे गेलो. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, "अरे साईं, टेन्शन कायको? छतपे एक छत्री, घर में एक डब्बा, और डब्बे से चार वायर. सब सिंपल! मालिक तुम, तो रिमोट भी तुम्हारा."

त्या शेवटच्या वाक्याने मी विरघळलो. छत्री बसली, वायरी ओढल्या गेल्या आणि मी चारही जुन्या अँटेना उतरवून टाकल्या. आमच्या हिने, म्हणजे शैलाने, त्यांचा दुधीच्या वेलासाठी मांडव केला. वेलही आनंदाने चढला.

डबा एकच म्हटल्यावर एका वेळी चॅनलही एकच लागणार, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती. मी बातम्या लावल्या आणि चारही घरांत बातम्या लागल्या! सावंतवहिनी धावत आल्या. "भाऊजी, सासूने नुकतं दूध ओतलं होतं हो, त्यात विष होतं!" त्यांच्यासाठी मालिका लावली तर वरून बॅचलरांपैकी विनोद ओरडला, "ओ भाऊ, लास्ट ओव्हर है! क्या करताय?" क्रिकेट लावलं तर शैलाने भाजीत मीठ घातलं नाही. मी वेळापत्रक केलं, ते कुणीच पाळलं नाही. कोणी गुपचूप रिमोट पळवू नये म्हणून मी तो अंघोळीलाही बरोबर न्यायला लागलो, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

अशात एके दिवशी कांबळेकाकू पेढे घेऊन आल्या. विहारातल्या बायकांच्या गाण्याचं मुंबईला रेकॉर्डिंग झालं होतं आणि ते शनिवारी संध्याकाळी सातला सरकारी वाहिनीवर लागणार होतं.

"त्यात एक कडवं माझं एकटीचं आहे, भाऊ," काकू म्हणाल्या. एरवी पाण्यावरून मला फाडून खाणाऱ्या काकू चक्क लाजत होत्या! "माहेरचे सगळे येणारेत. एकदाच लागणार म्हणे. परत नाही दाखवत."

"काकू, तुम्ही निर्धास्त राहा. रिमोट माझ्याकडे आहे," मी छाती पुढे काढून म्हणालो.

"त्याचीच तर भीती वाटते," काका मागून म्हणाले.

आठवडाभर झोप नाही. नेमक्या वेळी सावंतवहिनींनी बटण दाबलं तर? पोरांनी मॅच लावली तर? शनिवारी दुपारीच मी सरकारी वाहिनी लावून ठेवली. तेवढ्याने जीव शांत होईना, म्हणून डब्याच्या माहितीपुस्तकात बघून अख्ख्या डब्यालाच आकड्यांचं कुलूप घातलं. आता कोणाचा बाप आला तरी चॅनल हलणार नव्हतं! चहा पिता पिता मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

वर पाहुणे जमू लागले. काकूंच्या बहिणी, भाच्या, विहारातल्या बायका. जिन्यात चपलांचा ढीग. काकूंनी नवीन पांढरी साडी नेसली होती. "टीव्हीत जुनी नेसलेय, म्हणून बघायला नवीन," असं त्या प्रत्येकीला सांगत होत्या.

आणि लाइट गेली.

आमच्याकडे भारनियमन दुपारचं असायचं, पण त्या दिवशी संध्याकाळी! मला घाम फुटला. सातला थोडाच अवकाश असताना लाइट आली आणि वर टाळ्या वाजल्या. मी डब्याकडे धावलो. पडद्यावर चार रिकामे चौकोन होते आणि खाली लिहिलं होतं: गुप्त क्रमांक टाका.

गुप्त क्रमांक इतका गुप्त ठेवला होता की तो आता मलाही माहीत नव्हता.

"अहो, आपल्या लग्नाचं वर्ष टाका," शैला म्हणाली. टाकलं. चूक.

"मग माझा वाढदिवस." टाकला. चूक.

"अहो, हा कुठला टाकलात? हा तुमच्या बहिणीचा!" शैलाचा आवाज बदलला. घाईघाईत मी तिचा खरा वाढदिवस टाकला. तोही चूक आणि डबा कायमचा बंद! 'ग्राहक सेवेशी संपर्क साधा.' संपर्क साधला तर बासरी लागली.

वरून काकूंची हाक आली, "भाऊ, निळं दिसतंय हो नुसतं!"

मी जिना चढून गेलो, मागोमाग शैला. दारात उभा राहिलो आणि डबा बंद पडल्याचं सांगून टाकलं. खोलीभर बायका माझ्याकडे बघत होत्या. काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं, पण त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला तिथेच रडू येईल असं झालं.

तेवढ्यात काका शांतपणे म्हणाले, "सरकारी वाहिनीला डबा कशाला लागतो? आपली अँटेना कुठाय?"

सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. माझं लक्ष शैलाकडे. शैला किंचाळली, "माझा दुधी!"

पुढे काय झालं ते फार भराभर झालं. विनोदने एक अँटेना वेलासकट उपटली. काकांनी जुनी वायर शोधून जोडली. अँटेनेचा खांब मी भंगारात दिलेला, त्यामुळे गच्चीवर टाकीजवळ ती हातात धरून मीच उभा राहिलो. विनोद जिन्यात, काका टीव्हीपाशी.

"राइटला घ्या, राइटला!"

"मुंग्या!"

"अजून थोडं... आलं! आलं! भाऊ, हलू नका!"

मी हललो नाही. काही वेळाने वाटलं, टाकीच्या पाइपला बांधून खाली जावं, आपणही बघावं. साडी वाळत घालायच्या दोरीने अँटेना बांधली आणि हात सोडला.

"गेलं!" खालून एकदम सगळ्या बायका ओरडल्या.

हात लावला, चित्र आलं. काढला, गेलं.

"भाऊ, तुम्ही पकडता तेव्हाच येतं! अंगात करंट आहे तुमच्या!" विनोद म्हणाला. "छोडना मत!"

म्हणून मी धरून राहिलो. डास चावत होते, दुधी कानाला लागत होता आणि एका पायाला मुंग्या आल्या होत्या. (टीव्हीतल्या गेल्या त्या इकडे आल्या असाव्यात.) मग जिन्यातून काकूंचा आवाज वर आला. मोकळा, खणखणीत, एकटीचा. पाणी येत नाही म्हणून माझ्यावर ओरडायचा तोच आवाज, आणि इतका गोड! खाली कोणी हूं की चूं करत नव्हतं. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो, न जाणो चित्र हलायचं. कडवं संपलं आणि टाळ्यांनी बिल्डिंग दणाणली. टाळी वाजवता न आलेला मी एकटाच.

काकू वाटीभर खीर घेऊन स्वतः गच्चीवर आल्या.

"दिसले का हो मी, भाऊ?"

"ऐकू आलात," मी म्हणालो.

काकूंनी डोळे पुसले, मग माझ्या हातातली अँटेना काढून घेतली आणि त्यावरचा दुधीही तोडून घेतला.

पुढच्याच आठवड्यात प्रत्येक बिऱ्हाडाने आपापला डबा बसवला. माझं दार कोणी वाजवेना. फक्त आभाळ भरून आलं आणि छत्रीचा सिग्नल गेला की अजूनही वरून काकूंची हाक येते, "भाऊ, चित्र अडकलंय. जरा गच्चीत जाऊन उभे राहता का?"

सगळे हसतात. मीही हसतो आणि मग, कोणी बघत नाही असं बघून, हळूच जाऊन उभा राहतो.