फुकट राखण करतो, तर खातो काय?

"चालू त कोनीबी करस. बंद कसं करानं, ते सांग पहिले."

नवी वस्तू समोर आली की मावशी हे म्हणायची, आणि म्हणता म्हणता तिची तर्जनी बटण शोधायला लागायची. सुरतेला उधन्यात आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट बसली तेव्हा बाया नटूनथटून वरखाली फेऱ्या मारत होत्या. मावशी मात्र लिफ्ट बसवणाऱ्या माणसाला दारातच अडवून उभी. मधेच थांबवायची कशी, हे त्याने करून दाखवल्यावरच तिने आत पाय ठेवला. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. आपण तिला हसतो, आणि अडलं की तिच्याच दारात जातो.

या सवयीमागे काहीतरी मोठं घडलेलं असणार, असं मला फार दिवस वाटायचं. एकदा विचारलंही. ती म्हणाली, "घडायला कशाला पाहिजे? नळ उघडता येतो, तसा बंद करता यायला नको?"

मावशी खालच्या मजल्यावर राहायची. नवरा कापडाच्या लूमवर कामाला होता, तो गेल्यावर तिने लग्नं जुळवण्याचं काम धरलं. धुळ्या-नंदुरबारकडून सुरतेला आलेल्या घरांना मुलगी दाखवायची म्हणजे गावी जावं लागायचं, सुट्टी मिळायची नाही. मावशीकडे सगळी स्थळं इथल्याइथे मिळायची. सुरुवातीला फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचे. पुढे मुलीने तिला कॉम्प्युटर घेऊन दिला आणि पिशवी त्यात गेली.

फोटोंच्या बाबतीत ती फार कडक होती. "मावशी, मोबाइलवर पाठवून दे ना," असं मुलाकडचे म्हणाले की तिचं उत्तर ठरलेलं. "घरी या. चहा घ्या. समोर बसून बघा." पाठवलेला फोटो कुठे कुठे फिरतो, हे तिला ठाऊक होतं. लग्न मोडल्यानंतरही फोटो फिरत राहिल्याने एका मुलीला फार सोसावं लागलं होतं. म्हणून लोक यायचे, सतरंजीवर बसायचे, आणि मावशी पडद्यावर एकेक फोटो दाखवायची. बघून झालं की पडद्यावर रुमाल टाकायची.

बारडोलीला दिलेल्या आपल्या मुलीशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून तिने इंटरनेट घेतलं, आणि इथून गोष्ट बिघडली.

मी कापड मार्केटमध्ये एका दुकानात बिलिंगला होते. त्या दिवशी सुट्टी होती. दुपारी दार वाजलं. मावशी दारात उभी, पदर घामाने ओला. स्थळांच्या कामामुळे ती शाळेतली मराठीच बोलायची, पण घाबरली की तोंडून आधी अहिराणीच निघायची.

"मी चोरले दार उघाडी दिन्हं, बाई." चोराला तिनेच दार उघडून दिलं होतं म्हणे.

मी पाणी पुढे केलं. तिने पेला हातात धरला, पण प्यायली नाही. "आधी ऐक. तुझ्या बहिणीचा फोटो पण त्यातच आहे."

झालं होतं असं. मुलीशी बोलून झाल्यावर अचानक पडदा लाल झाला आणि भोंगा वाजायला लागला. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, लगेच या नंबरवर फोन करा, असं लिहिलेलं. तिने फोन केला. पलीकडचा माणूस हिंदीत फार गोड बोलत होता. माताजी, हे दाबा, माताजी, ते दाबा. तिने दाबलं. मग पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. माउस तर तिच्या हातात नव्हता.

"मग?"

"मग मी विचारलं, 'ये बंद कैसे करने का, वो पहले बोलो.' तो म्हणाला, 'बंद मत करना, माताजी, सब उड़ जाएगा.' जो माणूस बंद करू नको म्हणतो, त्याच्या मनात काय असणार? मी भिंतीवरचं बटणच बंद केलं."

मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू. बहिणीचा फोटो त्या गोडबोल्याच्या हातात पडला असेल, तर? पण स्वतःहून येऊन सगळं सांगणाऱ्या बाईवर रागावणार तरी किती? मी खाली जाऊन इंटरनेटची वायर काढली आणि वर आले. तिच्या ईमेलचा पासवर्ड माझ्या मोबाइलवरून बदलला. मग आमच्या दुकानाचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या जिगरभाईंना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होते.

मी म्हटलं, "उद्या काय ते कळेल. तोवर कोणाला बोलू नकोस."

मावशी ऐकेना. "तपासून झाल्यावर सांगायला कोणीही सांगेल. मुली त्यांच्या आहेत. त्यांना आज कळायला पाहिजे."

आणि ती माझ्याच खाटेवर बसून फोन लावायला लागली. प्रत्येक घरी तेच बोलणं. "चूक माझी आहे. एका माणसाला मी माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरू दिलं. त्यात तुमच्या मुलीचा फोटो होता. गेला की नाही, अजून माहीत नाही. कोणी फोन करून फोटोवरून धमकावलं तर घाबरू नका, आधी मला कळवा." एका बापाने तिला नाही नाही ते ऐकवलं आणि मुलीचं नाव कायमचं काढायला सांगितलं. ती "हो, काढते" एवढंच म्हणाली. पांडेसऱ्याच्या एका बाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, तू जेवलीस का?" तेव्हा मात्र मावशीने फोन माझ्या हातात दिला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

जिगरभाई आले. स्वतःबरोबर आणलेल्या साधनांनी त्यांनी बराच वेळ तपासलं. मावशी त्यांच्या मागे उभी. बस म्हटलं तरी बसेना.

शेवटी ते वळले. "माशी, फोटो गया नथी." मावशी, फोटो गेलेले नाहीत. त्या माणसाने पडदा पाहिला, तिला घाबरवायला दोन-तीन खिडक्या उघडल्या, पण फाइल पाठवायचं काम सुरूच केलं नव्हतं. त्याआधीच मावशीने वीज बंद केली होती.

मावशी जागीच खाली बसली. कपाटाला पाठ टेकली, पाय लांब केले.  मग म्हणाली, "चहा ठेव गं." माझ्याही छातीवरचं ओझं तेव्हाच उतरलं.

चहा झाल्यावर प्रश्न उरला की आता राखणीला कोण ठेवायचं. कॉम्प्युटरमध्ये आधीच दोन अँटिव्हायरस होते. एक दुकानदाराने टाकलेला, दुसरा कुठल्याशा सूचनेवर 'हो' दाबल्याने आलेला. जिगरभाई हसले. "आमां तो बे चोकीदार छे, एकबीजाने ज पकड्या करे छे." दोन चौकीदार, आणि एकमेकांनाच पकडत बसलेत.

मावशी सावरून बसली. मुलाकडच्या मंडळींची चौकशी करताना बसायची तशीच.

"हा पहिला काय घेतो?"

"काही नाही. फुकट आहे."

"फुकट राखण करतो, तर खातो काय?"

जिगरभाईंनी सांगितलं, जाहिराती दाखवतो, आणि तुम्ही काय काय बघता त्याची माहितीही घेतो.

"म्हणजे राखणीला बसून घरात डोकावतो. नको. दुसरा?"

दुसरा चांगला होता, पण दर वर्षी खात्यातून आपोआप पैसे कापून घेणारा. मावशीने विचारलं, बंद कसा करायचा. जिगरभाई शोधायला लागले. या पानावरून त्या पानावर, तिथून इंग्रजी अर्ज. चष्मा पुसून पुन्हा शोधलं.

"राहू दे," मावशी म्हणाली. "ज्याचं सोडपत्र इतकं अवघड, तिथं सोयरीक नको."

"मग कॉम्प्युटरचा स्वतःचा आहे तो ठेवू. आधीपासूनच आत असतो. तुमच्या कामाला पुरेल."

"घरचाच आहे? मग काल कुठं होता?"

"या दोघांनी त्याला झोपवून ठेवलं होतं."

त्या दोन दिवसांत मावशी पहिल्यांदा हसली. मग मीही हसले, आणि जिगरभाईही.

त्यांनी फोटो तपासून एका वेगळ्या डिस्कवर काढले, कॉम्प्युटर धुऊनपुसून नवा केला आणि घरच्या राखणदाराला जागं केलं. डिस्क कपाटात राहील, माणसं फोटो बघायला येतील तेव्हाच जोडायची, आणि त्या वेळी इंटरनेट बंद. मुलीशी बोलायला कॉम्प्युटरवर एक वेगळं खातं केलं, त्या खात्यात बसलं की नवीन काही आत घालताच येणार नाही. भोंगा पुन्हा वाजला तर काय, असं जिगरभाईंनी तिला विचारलं. "फोन करायचा नाही. खिडकी बंद. नाही झाली तर भिंतीवरचं बटण," मावशीने धडा म्हणून दाखवला.

त्याच संध्याकाळी तिने सगळ्या घरांना पुन्हा फोन केले. रागावलेल्या बापाने उचलला नाही. त्याच्या मुलीचं लग्न पुढे दुसरीकडून जमलं, पत्रिका मात्र मावशीला आली, आणि ती नवं लुगडं नेसून जेवून आली. बाकी कोणी नाव काढून घेतलं नाही. उलट नव्या लोकांना जुने लोक सांगायचे, मावशीकडे द्या, काही झालं तर ती स्वतः सांगते.

मागच्या वर्षी तिचे गुडघे अगदीच कुरकुरायला लागले. मुलगी म्हणाली, आता बारडोलीला चल. मावशीने काम बंद करायचं ठरवलं. दुसऱ्या कोणाच्या हाती फोटो देणार नव्हती. एका दुपारी तिने मला बोलावलं, डिस्क जोडली, आणि म्हणाली, "पुसायचं कसं, ते दाखव. पुसणार मी."

एकदम सगळे पुसता येतात, हे मी सांगितलं. तिला ते नको होतं. एकेक फोटो उघडायची, बघायची. "ही नवापूरला. सासू चांगली मिळाली." पुसला. "ही इथंच, लिंबायतला, ब्लाउज शिवते." पुसला. "ही मास्तरीण झाली. लग्न नाही केलं. बरं केलं." पुसला. माझ्या बहिणीचा आला तेव्हा पडदा माझ्याकडे वळवून म्हणाली, "नाक तुझंच आहे," आणि तोही पुसला. ऊन उतरायला लागलं तेव्हा डिस्कवर काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला उधना स्टेशनवर पोचवायला गेले. मुलगी न्यायला आली होती. भुसावळकडे जाणारी गाडी, खिडकीची जागा मिळाली. इतक्या मुलींची राखण केलीस, असं मला तिला म्हणायचं होतं, म्हणून मी बाहेरून गजांजवळ गेले. पण गाडी हलायच्या आधीच मुलीच्या खांद्यावर डोकं टाकून मावशी गाढ झोपली होती.