अध्यक्ष गड चढतात

मी सांगलीहून लोणावळ्याला निघालो तो चित्रकलेचा मास्तर म्हणून, आणि परतणार होतो तो सिनेमावाला म्हणून. निदान आळीत मी तसं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. शाळेत राजीनामा द्यायचा तेवढा राहिला होता, आणि तो राहिला हे माझ्या आयुष्यातलं एकमेव शहाणपण. तेही आळसामुळे घडलं.

लोणावळ्याच्या बंगलेवाल्या मंडळींच्या एका क्लबाने दिवाळीत हौशी लोकांसाठी चित्रपटांची स्पर्धा ठेवली होती. अट एवढीच, की चित्र मावळातलं असावं आणि करणाऱ्याने स्टुडिओत कधी काम केलेलं नसावं. मी पुण्याच्या स्टुडिओंच्या फाटकापर्यंत कितीदा तरी जाऊन आलो होतो आणि फाटकाच्या आत मला कुणीही घेतलं नव्हतं, तेव्हा या अटीत माझ्याइतका चोख बसणारा माणूस सापडणं कठीण. पहिल्या नंबराला एका स्टुडिओत कॅमेरा खात्यात उमेदवारी मिळणार होती. माझ्यासारख्या नवख्याला ते फाटक उघडायची दुसरी किल्ली नव्हती.

चित्र माझ्याजवळ तयार होतं. उन्हाळ्याच्या सुटीत मी मळवलीला मुक्काम ठोकून, हौशी पाहुण्यांना डोलीतून लोहगडावर नेणाऱ्या खांदेकऱ्यांचं (डोलीला खांदा देणाऱ्यांचं) चित्र घेतलं होतं. जुन्या बाजारात घेतलेल्या माझ्या छोट्या कॅमेऱ्याची फिल्म अशी, की आत भरायची तीच धुऊन पडद्यावर दाखवायची. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. हरवली की हरवली, कापली की कापली.

पुण्याला गाडी बदलली. वडगाव गेलं, कान्हे गेलं आणि दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली भातं दिसू लागली. कुठे कापणी चालू, कुठे पेंढ्या बांधून उभ्या केलेल्या. कामशेतच्या पुढे डाव्या हाताला विसापूर आणि त्याच्यामागून लोहगड वर आला. मी कॅमेरा काढून खिडकीशी बसलो आणि जे दिसेल ते घेत सुटलो. समोरचे तळेगावचे गृहस्थ कौतुकाने पाहात होते.

"आम्हीही येणार का चित्रात?" त्यांनी विचारलं.

मी त्यांनाही घेतलं. टोपी नीट करायला लावून घेतलं. लोणावळ्याला उतरल्यावर कॅमेरा उघडून पाहिला, तर आत फिल्म नव्हती. त्या गृहस्थांना हे कधी कळू नये अशी इच्छा आहे.

क्लबाच्या दिवाणखान्यात दुपारी पडदे ओढून छाननी होती. कोचांवर समितीची मंडळी, मध्यभागी अध्यक्ष. ते रेशमी उपरणं आणि सोनेरी काड्यांचा चष्मा घातलेले, भारदस्त गृहस्थ होते. माझं चित्र मुकं, तेव्हा पडद्याशेजारी उभं राहून मीच तोंडाने सांगत होतो. मंडळींना हसू येतंय असं दिसलं, की माझ्या जिभेचा लगाम सुटतो. हा जुना रोग आहे.

लोहगडाच्या खांदेकऱ्यांची एक रीत आहे. गणेश दरवाजाच्या खाली ते डोली टेकवतात आणि आतल्या माणसाला उतरायला सांगतात. पुढे ज्याने त्याने आपल्या पायांनी जायचं. दरवाजातून कुणालाही खांद्यावर नेत नाहीत, मग तो कितीही मोठा असो आणि कितीही जड असो. उन्हाळ्यात एक सोला हॅटवाले, काळा चष्मा लावलेले शेठ उतरायला तयार होईनात. खांदेकरी शांतपणे बाजूला बसले आणि त्यांनी तंबाखू मळायला घेतली. शेठ डोलीत, खांदेकरी सावलीत, असा बराच वेळ गेला. शेवटी शेठ उतरले आणि हातापायांवर पायऱ्या चढत दरवाजातून आत गेले. हे सगळं मी खालून घेतलं होतं. माझ्या चित्रातलं तेवढंच खरं चित्र. बाकी शेवटी गडावर उभे राहिलेले शेठ, आणि नुसती झाडं.

"हे पाहा आमचे गजराज," मी अंधारात सांगत होतो. "यांना म्होरक्या म्हणतोय, 'शेठ, खांद्यावरनं आत जातो तो द्येव, आन् भायेर येतं ते मढं. तुमी दोगांतलं कोन?' आता गजराज विचारात पडले. आता चार पाय झाले."

कुणीही हसलं नाही. मला वाटलं, उच्च अभिरुचीची माणसं आहेत, मनात हसत असतील. पडदे सरकवले. उजेडात अध्यक्ष चष्मा पुसत होते. चष्म्याशिवायचा तो चेहरा, ती मान आणि विशेषतः ते बसणं पाहिलं आणि माझ्या पायांखालची सतरंजी सरकली. गजराज ते हेच. दोष माझ्या धंद्याचा. कॅमेऱ्याच्या भोकातून माणूस नखाएवढा दिसतो. त्याची हॅट पाहावी, चाल पाहावी. तोंड ओळखायला ती खिडकी पुरत नाही.

अध्यक्ष उठून गेले. चिटणीस मात्र मला व्हरांड्यात घेऊन आले. वकील होते, गोड बोलणारे.

"मास्तर, चित्र उत्तम आहे. खरं सांगतो, आलेल्यांत पहिलं. फक्त ती मधली दोन मिनिटं काढा."

"काढा म्हणजे?"

"कापा हो. आधीचं आणि नंतरचं जोडून टाका. उद्या संध्याकाळी स्पर्धा, पुढच्या महिन्यात तुम्ही स्टुडिओत. अध्यक्षांचं मन मोठं आहे."

त्यांनी कात्री आणि फिल्म जोडायच्या गोंदाची बाटलीही आणून दिली. मी दोन्ही घेतली. नुसती घेतली नाही, "आभारी आहे" असंही म्हणालो. वाटेत बाजारातून गुडदाणी (गुळात घोळलेले शेंगदाणे) घेतली आणि ती चघळत मळवलीच्या गाडीत बसलो. मन असं तयार केलं होतं, की एवढी दोन मिनिटं गेली तर बिघडलं कुठे.

मळवलीला उतरायचं ते आबांकडे. आबा म्हणजे खांदेकऱ्यांचे म्होरके, शेठला तो प्रश्न विचारणारे. साठीचे, वाळक्या लाकडासारखे, आणि आपल्या फेट्याबद्दल फार हळवे. "माजं चित्र मला दावायचं, मास्तर," असं त्यांनी उन्हाळ्यातच माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. त्यांच्या घरी तांदळाची भाकरी, खुरासणीची (कारळ्याची) चटणी आणि खेकड्यांचा रस्सा होता. रस्सा इतका जहाल, की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ते खंतीचं आहे असं समजून आबांच्या बायकोने, सगळे त्यांना काशीमावशी म्हणतात, आणखी एक भाकरी वाढली.

मी सगळी हकीकत सांगितली. कात्री दाखवली.

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "कापा की. चित्र तुमचं, कातर त्यांची. आमी कोन?"

"तुम्हाला राग नाही ना?"

"राग कशापायी? पर मला येक सांगा. डोली खाली टेकली, हे दावनार. मंग शेठ गडावर हुबा, हे दावनार. मदी तो वर गेला कसा म्हनायचं? उडत?"

"लोकांना वाटेल, तुम्हीच उचलून नेलं," मी म्हणालो.

आबांनी भाकरी खाली ठेवली. "म्हंजी आमी त्याला दरवाजातनं खांद्यावर न्हेला आसं दिसंल?"

"दिसेल तसं."

"माज्या बापानं न्हाई कुनाला न्हेला. आज्यानं न्हाई. आन् तुमी मला पडद्यावर न्ह्यायला लावनार, त्येबी फुकाट."

काशीमावशी चुलीपासून म्हणाल्या, "मास्तरला जेवू द्या. लय शिकल्यालं हाय त्ये, सावकाश समजंल."

समजलं. रस्सा थंड व्हायच्या आत समजलं. तरी मी चाचपून पाहिलं, "आबा, उद्या बंगलेवाल्यांनी तुमची डोली बोलावली नाही तर?"

"न्हाई तर न्हाई. भात कापायचं पडलंय तसंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोणावळ्याला जाऊन मी कात्री आणि बाटली चिटणीसांच्या टेबलावर ठेवली. "चित्र आहे तसं दाखवायचं असेल तर दाखवा," मी म्हणालो. हे वाक्य मी गाडीत घोकून नेलं होतं. पुढचं वाक्य याहून जळजळीत होतं, पण ते ऐन वेळी आठवलं नाही.

"मग यादीतून नाव काढावं लागेल," चिटणीस म्हणाले.

"काढा. तुम्हाला नाव दुसरं मिळेल, माझ्या चित्राची प्रत एकच आहे."

व्हरांड्यात एक बाई फिल्मचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तळेगावच्या एका डॉक्टरांच्या पत्नी, सुशीलाबाई. त्यांनी कान्ह्याजवळ इंद्रायणीत म्हैस धुण्याचं चित्र घेतलं होतं. समितीने ते अभिरुचीला धरून नाही म्हणून परत केलं होतं.

"म्हशीचं काय बिघडलंय?" मी विचारलं.

"तेच मी विचारलं. म्हणाले, त्याऐवजी बंगल्यातल्या गुलाबांचं घ्या. गुलाब काय करतो हो? नुसता बसतो." त्यांनी डबा आपटला. "तुमच्याकडे चित्र दाखवायचं मशीन आहे का?"

"आहे. हाताने फिरवायचं. दिव्याला मोटारीची बॅटरी लागते."

"मोटार आमच्याकडे आहे. डॉक्टरांना मी सांगते."

अशी आमची स्पर्धा त्याच संध्याकाळी मळवलीला, धर्मशाळेच्या भिंतीशी भरली. आबांनी दिवाळीसाठी ठेवलेलं कोरं धोतर पडदा म्हणून ताणलं. भातकापणीवरून माणसं विळे कमरेला तसेच लावून आली. लोहगडवाडीहून खांदेकरी उतरले. लोणावळ्याला नापास झालेले आणखी दोघे हौशी डबे घेऊन गाडीतून उतरले तेव्हा मात्र मला जरा भरून आलं. डॉक्टर मोटारीशेजारी उभे राहून, बॅटरी संपली तर घरी कसं जायचं, हे प्रत्येकाला विचारत होते. अंधार पडताच दिवा लावला.

पहिला मान माझ्या चित्राला, आणि पहिली चूकही माझी. क्लबात चित्र झाल्यावर मी रीळ उलट गुंडाळायला विसरलो होतो. धोतरावर लोहगड डोकं खाली करून उभा राहिला. अध्यक्ष पाय वर करून दरवाजातून मागे मागे बाहेर आले आणि पायऱ्या उतरून डोलीत जाऊन पडले. मावळात असं हसणं भात झोडतानाही ऐकू येत नसेल. मी मशीन थांबवून रीळ गुंडाळायला लागलो, तर लोकांची तक्रार सुरू झाली.

"मास्तर, ऱ्हाऊ द्या तसंच. शेठ उलटाच ब्येस दिसतोय."

मग सुलट दाखवलं. खांदेकरी तंबाखू मळायला बसले तिथे हसणं थांबलं. शेठ पायऱ्या चढू लागले तशी माणसं पुढे सरकली. ते दरवाजातून आत गेले तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "ग्येला, आपल्या पायानं." आबा सगळ्यांत पुढे मांडी घालून बसले होते. ते काय म्हणतात म्हणून मी वाकलो.

"फेटा वाकडा हाय," आबा म्हणाले. "तवाच सांगायचं हुतं. पुन्यांदा दावा."

पुन्हा दाखवलं. फेटा वाकडाच राहिला.

त्यानंतर त्या दोघा हौशींची चित्रं एकेकदा झाली, आणि मग सुशीलाबाईंची म्हैस. ती पाण्यात शिरते, धुऊन होते, आणि मग बाहेर यायचं नाकारते. मालक शेपटी ओढतो, शिव्या देतो, स्वतःच पाण्यात पडतो. म्हैस रवंथ करत राहते. आमच्या स्पर्धेला परीक्षक नव्हते. ज्याचं चित्र लोक पुन्हा मागतील तो वर, एवढंच ठरलं होतं. माझं एकदा मागितलं. म्हशीचं मागतच राहिले, शेवटी बॅटरी उतरली तेव्हा थांबले. डॉक्टरांची मोटार त्याच खांदेकऱ्यांनी स्टेशनपर्यंत ढकलत नेली, आणि मोटारीत बसायचं नाही, चालायचं, ही अट डॉक्टरांनाही घातली. सुशीलाबाई पुढे चालत होत्या.

सकाळी मी परत निघालो. स्टुडिओचं फाटक माझ्यापुरतं बंद झालं होतं, त्यात काही शंका नाही. अध्यक्षांचा त्या धंद्यात पैसा होता, हे मला नंतर कळलं; आधी कळतं तरी रस्सा तोच आणि आबा तेच. सुटी संपली की मला पाचवीच्या वर्गापुढे फळ्यावर घडा काढायचा होता. पण दाखवायला फिल्म आणि बघायला माणसं असली, की क्लब लागत नाही, एवढं मी शिकलो होतो, आणि ते मला कुणी विसरायला लावू शकणार नव्हतं.

पुण्यापुढे डब्यात एका सद्‌गृहस्थांनी माझ्या सामानाची चौकशी केली. स्पर्धेहून येतोय म्हटल्यावर ते सावरून बसले.

"कितवा नंबर?"

"दुसरा."

"वा. आणि पहिला?"

"म्हशीचा."

त्यांनी माझ्याकडे फार कणवेने पाहिलं. मी म्हणालो, "वाईट वाटून घेऊ नका. म्हैस खरोखरच उत्तम होती. आणि बाईंनी ती पुरती दाखवली होती हो, शेपटीसकट."