व्हर्डेलचं डोकं, व्हर्डेलची मर्जी

अलाबामातल्या आमच्या युनियन स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये गाणं उचलायचं ते व्हर्डेल टॉलिव्हरनेच. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली बाई. शेवटच्या बाकावरचं पोरगंही दचकेल असा आवाज. त्या ईस्टरला मात्र दुसऱ्या कडव्याशी ती अडली. शब्दच सुचेनात. लोकांनी टाळ्या वाजवून वेळ निभावून नेली. घरी जाताना स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून ती बसून राहिली. कुठे वळायचं ते कळेना.

गावातल्या डॉक्टरने तिचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. पंचाहत्तरीनंतर एवढं चालायचंच, म्हणाला.

"माझी आई नव्वदीत गेली," व्हर्डेल म्हणाली. "शेवटपर्यंत नातवंडांना नावानिशी झापत होती. वयाचं मला सांगू नका. डोक्याचा फोटो काढा."

तो टाळू लागला, तशी ती खुर्चीतून हललीच नाही. बाहेर माणसं खोळंबली. शेवटी त्याने वैतागून बर्मिंगहॅमच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

फोटोत सगळं दिसलं. रक्तदाबाने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या जागोजागी बंद पडल्या होत्या. छोटे छोटे झटके तिच्या नकळत येऊन गेले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही. गेलं ते परत येणार नाही, पण रक्तदाब आवरला तर घसरण हळू होईल, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं: काळ्या म्हाताऱ्या माणसांत हे इतकं का होतं याचा आम्ही अभ्यास करतोय. दरवर्षी तपासणीला याल? आणि मृत्यूनंतर तुमचा मेंदू आम्हाला द्याल?

धाकटा भाऊ लॉन्झो हे ऐकून जेवता जेवता थांबला. तिने पालेभाजीत डुकराचं खारं मांस घालणं बंद केलं होतं, म्हणून तो आधीच कावला होता.

"ताई, टस्कीगी इथून हाकेवर आहे. तिथे सरकारी डॉक्टरांनी अभ्यासाच्या नावाखाली गरमीचं औषध असून आपल्या काळ्या माणसांना दिलं नाही, मरताना बघत बसले. मामा त्यातच गेला. आणि तू त्यांना डोकं द्यायला निघालीस?"

"मामाला कुणी विचारलं नव्हतं. मला विचारलंय. आत्याला असंच झालं, तेव्हा सगळे म्हणाले, म्हातारी चळली. आपली डोकी कुणी बघितलीच नाहीत, तर आपलं दुखणं त्यांना कळायचं कसं? आणि मी अट घातलीय. जे सापडेल ते दरवर्षी मला तोंडावर सांगायचं."

"आणि तुला ते आठवलं नाही तर?"

"म्हणून तुला बरोबर नेणार आहे."

लॉन्झोने ताट पुढे ओढलं. मग त्याने भाजीवर मीठ मागितलं. तिने दिलं नाही.

पुढच्या रविवारी ती प्रवचनाआधीच उठली आणि आपल्या मेंदूला काय झालंय ते सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाली. आमच्यात हे कुणी बोलत नाही. मग रक्तदाबाचं यंत्र पुढे ठेवून तिने एकेकाला बाह्या सरसावायला लावल्या. सगळ्यांत जास्त निघाला पाद्रीबाबांचा.

त्याला आता काही वर्षं झाली. गाडी चालवणं सुटलं. कधी कधी ती लॉन्झोलाच मामा समजते. पण बर्मिंगहॅमची खेप चुकलेली नाही. या वसंतात तिला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. वर्तुळ जमलं, आकडे जमेनात. तपासणी घेणारा तरुण म्हणाला, "असू द्या, आजी."

"असू द्या कसं?" व्हर्डेल म्हणाली. "नाही आलं म्हणून लिही. त्यासाठीच आलेय मी."