धाकट्यांचा पांढरा ठिपका

गल्लीत त्यांना सगळे ‘धाकटे’ म्हणत. डोक्यावरचे उरलेसुरले केस पांढरे झाले, चष्मा लागला, जिना चढताना गुडघे कुरकुरू लागले, तरी ते धाकटेच. कारण गॅरेजात थोरले होते, आणि एका गॅरेजात दोन सख्खे भाऊ मिस्तरी असले की लोकांना हाका मारायला काहीतरी सोय लागते. पुढे थोरले गेले. भर कामाच्या वेळेत, हातात पाना असताना, छातीवर हात ठेवून खाली बसले ते बसलेच. त्यानंतर तरी धाकट्यांना बढती मिळायला हरकत नव्हती. गल्लीने ती दिली नाही, आणि धाकट्यांनी मागितलीही नाही.

त्याला कारण होतं ठिपक्यांचं.

या गॅरेजात बोल्ट आवळला की आवळणाऱ्याने त्याच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्यायचा. धाकट्यांचा पांढरा. मग थोरले तोंडात लवंग घोळवत यायचे, त्याच बोल्टला स्वतः पाना लावून बघायचे आणि शेजारी पिवळा ठिपका द्यायचे. दोन ठिपके पडले की त्या बोल्टला विसरून जायचं. बोल्ट ढिला सापडला तर थोरले रागावत नसत. रागावणं त्यांच्या अंगातच नव्हतं. ते खिशातलं चौकोनी घडीचं फडकं काढत, त्याचं टोक डिझेलमध्ये बुडवत, पांढरा ठिपका पुसून टाकत आणि लवंग या गालातून त्या गालात सरकवून पुढे जात. थोड्या वेळाने धाकट्यांना तो कोरा बोल्ट दिसे. त्यापेक्षा चारचौघांत एक सणसणीत शिवी दिलेली परवडली, असं त्यांना वाटे.

आता फळीवरच्या पिवळ्या रंगाच्या डब्याला कोणी हात लावत नव्हतं. बोल्टांवर एकेकटे पांढरे ठिपके पडत, आणि धाकट्यांचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नसे. आवळलेलं ते पुन्हा आवळत. जेवताना अर्ध्या घासावर उठून खाली जात.

“तुमचं ताट गाडीतच वाढत जाऊ का?” बायको विचारी. “म्हणजे जिन्याची तरी झीज वाचेल.”

मोठी कामं त्यांनी घेणंच सोडलं. तेल बदलून देतो, ब्रेक बघतो, यापलीकडे काही आलं की त्यांची कंबर धरायची.

अशात एका सकाळी वहिनी आल्या. थोरल्यांच्या मागे रडत बसण्याऐवजी वहिनींनी त्यांची जुनी डिझेल पिकअप चालवायला घेतली होती. मागे पाण्याची टाकी जोडायची आणि टेकडीवरच्या वस्तीला पाणी पोचवायचं. पण गाडीचा जीव लहान. भरल्या टाकीसकट चढ लागला की ती काळा धूर ओकत अशी चाले, की पायी निघालेली माणसं तिला मागे टाकून जात आणि जाताना वहिनींना हात करून धीर देत. आता वरची विहीर आटली होती. अर्ध्या टाकीवर भागणार नव्हतं.

“भावजी, बाकाखालची ती पेटी उघडा,” वहिनी म्हणाल्या.

पेटीत काय आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. थोरल्यांनी फार हौसेने आणलेला जोड टर्बोचा संच.

“वहिनी, ते मोठं काम आहे. बाहेरचा चांगला कारागीर मी...”

“बाहेरचा चांगला असेल, पण त्याला मी कुठं ओळखते? सोमवारपासून भरलेली टाकी वर नेते, असा शब्द देऊन बसलेय.”

धाकट्यांनी बाकाखालून पेटी पुढे ओढली. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात हवा कोंबणारा पंखा, इंजिनाच्याच धुरावर फिरणारा. जोड टर्बोत असे दोन भाऊ असतात. धाकटा चपळ, पाय दाबताच धावतो. थोरला जड, उशिरा जागा होतो, पण जागा झाला की तो हवा दाबून धाकट्याच्या हाती देतो, धाकटा ती आणखी दाबतो, आणि गाडीला मागून कोणीतरी खांदा लावल्यासारखं होतं. सगळं ठीक असेल तर. त्या पंख्यांना सतत तेल लागतं, आणि तेलाच्या नळीखालूनच धुराचा पाइप जातो. चढावर तो पाइप निखाऱ्यासारखा लाल होतो. त्या नळीचा एक बोल्ट ढिला राहिला, की लाल पाइपवर तेल ठिबकणार. पुढचं धाकट्यांना विचारातसुद्धा बघवत नव्हतं, कारण त्या विचारात स्टिअरिंगवर वहिनी होत्या.

त्यांनी पेटी उघडली. वर थोरल्यांचं फडकं होतं, चौकोनी घडी घातलेलं, कोपरा आत खोचलेला. आणि लवंगेचा वास आला. पेटी बंद होती, म्हणून वास राहिला असेल, असं धाकट्यांनी स्वतःला समजावलं. स्वतःचं बोलणं त्यांना सहसा पटत नसे. फडकं तसंच पेटीत ठेवून त्यांनी झाकण लावलं आणि कामाला लागले.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत लहान टर्बो बसला. प्रत्येक बोल्टवर पांढरा ठिपका. शटर अर्धं खाली ओढून ते जेवायला वर गेले. परत आले, दिवा बॉनेटखाली धरला, आणि दिवा हातात तसाच राहिला.

प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याशेजारी एक पिवळा ठिपका होता. ओला.

बाहेर रस्त्यावर भर दुपारचं ऊन होतं, पलीकडे टायरवाला ट्यूबला पंक्चर शोधत होता, सगळं जिथल्या तिथे होतं. धाकटे हळूहळू फळीकडे गेले. पिवळ्या डब्याचं झाकण हाताने निघेना. पाचर मारून काढलं, तर आत रंगाचा दगड झाला होता. नखाने ओरखडाही उठेना.

“इकडे कोणी आलं होतं का रे?” त्यांनी टायरवाल्याला विचारलं.

“तुमच्याकडे? तुमच्याकडे हल्ली गिऱ्हाईक येत नाही, चोर कशाला येईल?” टायरवाला म्हणाला. मग धाकट्यांचा चेहरा बघून त्याने ट्यूब खाली ठेवली. “काय झालं? थोरले दिसल्यासारखे काय उभे राहिलात?”

“काही नाही,” धाकटे म्हणाले. “ऊन लागलं.”

सगळ्यात विचित्र गोष्ट पुढेच होती. त्या रात्री धाकट्यांना गाढ झोप लागली. भीती वाटायला हवी होती, ती वाटलीही, पण भीतीच्या खाली कुठेतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मोठा टर्बो चढवायचा होता. चांगला भोपळ्याएवढा ऐवज. साखळीला लटकवून त्यांनी तो जागेवर आणला, आधाराची पट्टी बसवली, आणि पान्यासाठी वळले तेव्हा मागे बारीक घरघर ऐकू आली. मोठ्या टर्बोचा पंखा फिरत होता. अगदी सावकाश, कोणीतरी बोटाने ढकलून बघावं तसा. नवीन वस्तू हातात आली की थोरले नेमकं तेच करत. धाकट्यांनी शटरकडे पाहिलं. वारा नव्हता. खिळ्याला टांगलेली दिनदर्शिका हलत नव्हती. त्यांनी बोट पुढे केलं, तर बोट लागायच्या आत पंखा थांबला.

“असू दे,” धाकटे कोणाला तरी म्हणाले आणि पाइप जोडायला लागले.

जेवून आले, तर पुन्हा पिवळे ठिपके. या वेळी ते दचकले नाहीत. उलट हात सुटला. आपल्या मागे कोणीतरी बघतंय, या भरवशावर ते शीळ घालत भराभर कामं उरकायला लागले. मोठ्या टर्बोच्या पोटाखाली तेलाच्या परतीची नळी बसते. तिचा आतला बोल्ट डोळ्यांना दिसत नाही, आरसा धरून बघावा लागतो. धाकट्यांनी तो बोटांनी फिरवून बसवला. ब्रश हातात होताच, म्हणून पांढरा ठिपका आधी देऊन टाकला आणि पाना घ्यायला हात लांब केला.

“धाकटे, जरा जॅक द्या हो,” टायरवाल्याने हाक मारली. “गाडी एका पायावर उभी आहे, आणि मालक दोन्ही पायांवर नाचतोय.”

धाकटे जॅक घेऊन गेले. परत आले ते दुसऱ्या नळीपाशी बसले.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर वहिनी किल्ली घेऊन आल्या. मागे भरलेली टाकी जोडून तयार होती. बॉनेटखाली जिकडे बघावं तिकडे दोन-दोन ठिपके. धाकट्यांनी दोन्ही टर्बोंत हाताने तेल सोडलं, डिझेल बंद ठेवून इंजिन नुसतं फिरवून घेतलं. वहिनी स्टिअरिंगवर बसल्या, आता गाडी सुरू करायचीच बाकी होती. कधी नव्हे ते आपलंच काम डोळे भरून बघावं, म्हणून त्यांनी आरसा घेतला आणि मोठ्या टर्बोच्या पोटाखाली धरला.

आतला बोल्ट कोरा होता.

पिवळा ठिपका नव्हता. पांढराही नव्हता. बोल्टचं डोकं लख्ख पुसलेलं होतं आणि कडेला डिझेलची ओल चमकत होती.

धाकट्यांनी आठवून पाहिलं. पांढरा ठिपका आपण दिला होता. ब्रश हातात होता, तो दिला होता. आणि पाना? त्यांनी पाना आत घातला. लावायची गरजच नव्हती. बोल्ट बोटाने फिरला.

“काय झालं, भावजी?” वहिनींनी काचेतून विचारलं.

“खाली उतरा,” धाकटे म्हणाले. वहिनी उतरल्या. “खरं सांगा. ते पिवळे ठिपके तुम्ही देत होता?”

वहिनींनी पदराला हात पुसले. हात स्वच्छच होते.

“हो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जेवायला गेलात की मागच्या दाराने यायचे. चित्रकलेच्या रंगाची बाटली आणली होती. तुम्ही जेवत नव्हता, झोपत नव्हता. म्हटलं, दोन ठिपके दिसले तर जिवाला बरं वाटेल.”

“पाना लावून देत होता?”

“मला कुठं पाना लावता येतो? नुसतेच.”

धाकटे मडगार्डवर टेकले. या नुसत्या ठिपक्यांच्या जोरावर आपण शीळ घालत होतो. त्यांना रागवायचं होतं, पण रागावणं त्यांच्याही अंगात नव्हतं.

“मग खालचा तेवढा पुसलात ते बरं केलंत,” ते म्हणाले. “तो ढिला होता.”

“कुठला खालचा?”

“परतीच्या नळीचा. आतला.”

“तो मी पुसला नाही,” वहिनी म्हणाल्या. “त्याला तर काल संध्याकाळी तुमचा आरसा धरून ठिपका दिला. तुमच्या पांढऱ्याला अगदी चिकटून. म्हटलं, एखादाच राहिला तर तुमच्या लक्षात येईल.”

“मग पुसला कोणी?”

पलीकडे टायरवाल्याचा हवेचा पंप चालू होता, तो त्याच क्षणी बंद पडला, आणि गॅरेज एकदम फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

धाकटे बाकापाशी गेले. पेटीचं झाकण जसं लावलं होतं तसंच होतं. त्यांनी ते उचललं. आत फडकं होतं, चौकोनी घडी, कोपरा आत खोचलेला. त्यांनी कोपरा बाहेर ओढला. तो डिझेलने ओला होता, आणि त्याच्यावर पांढऱ्यात पिवळा मिसळलेला एक डाग होता.

वहिनींनी फडकं हातात घेतलं. नाकाशी नेलं. मग पुन्हा तशीच घडी घालून कोपरा आत खोचला. त्यांना ती घडी यायची.

“आता?” त्या म्हणाल्या.

“आता मी आवळतो. आणि मग तुम्ही पाना लावायचा,” धाकटे म्हणाले.

“मला येत नाही म्हटलं ना.”

“हा पाना सांगतो. पुरेसा आवळलेला असला की ‘टक’ करतो. टक ऐकू आलं तरच पिवळा. नाही आलं, तर पुसायचा. मला काही बोलायचं नाही.”

“आणि बोलले तर?”

“दादा बोलत नसत.”

वहिनींनी पदर खोचला. पहिल्या बोल्टला त्यांनी इतका जोर लावला की पाना सुटून कोपर दिव्याला लागलं, आणि दोघंही काही कारण नसताना हसले. मग एकेक टक येऊ लागलं. लहान टर्बोचे झाले, पट्टीचे झाले, पाइपांचे झाले. आधीच्या पिवळ्यावर त्या दुसऱ्यांदा पिवळा देत होत्या. शेवटी आरसा धरून आतला बोल्ट. पांढरा, टक, पिवळा.

इंजिन सुरू झालं. आधी लहान टर्बोची बारीक शीळ, आणि खूप मागून, घरातल्या आतल्या खोलीतून यावा तसा मोठ्याचा जाड आवाज.

वर जाताना धाकटे वहिनींच्या शेजारी बसले. बसले म्हणजे नाक पुढे काढून बसले, तेलाचा वास येतोय का ते बघत. चढ सुरू झाला. टाकी मागे डचमळली, वहिनींनी पाय दाबला. धूर आला नाही. वळणावर थोरला जागा झाला, आणि भरलेल्या टाकीसकट गाडीला मागून कोणीतरी खांदा लावला. पायी चालणारी माणसं एकेक करून मागे पडू लागली. हात करायची पाळी आता वहिनींची होती.

अर्ध्या चढावर वहिनी म्हणाल्या, “तुम्ही लवंग खाल्लीत का, भावजी?”

“नाही. तुम्ही?”

“मी कुठं खाते?”

वहिनींनी वरचा गिअर टाकला. धाकट्यांनी आपल्या बाजूची काच खाली करायला हात नेला होता, तो मागे घेतला. मग दोघंही पुढे रस्त्याकडे बघत राहिले. आरशात बघायचं दोघांनीही टाळलं.

वस्तीवर पोचल्यावर लोक घागरी, बादल्या घेऊन टाकीभोवती जमले. धाकट्यांनी बॉनेट उघडलं. आतला पाइप अजून विटकरी रंगाचा होता आणि हळूहळू काळा पडत होता. नळीखालून त्यांनी लांबूनच एक तार फिरवली. तार कोरडी आली. त्यांनी आरसा धरून सगळे ठिपके एकदा पाहिले. दोन-दोन होते, जिथल्या तिथे.

मग त्यांनी बॉनेट लावलं, आणि पुन्हा उघडलं नाही.