खूण नसलेलं नाव

वालूरचा आमचा सुतार वाक्यागणिक कानामागची पेन्सिल चाचपतो. मतदानाच्या दिवशी तो बूथवर आमच्या पक्षाचा एजंट होता; मत देऊन जाईल त्याच्या मतदारयादीतल्या नावापुढं त्याच पेन्सिलीनं खूण करायचा. लोकसभेला आमचा पक्ष देशभर आपटला. पुढारी घरात बसले. हा मात्र ती यादी घेऊन खूण नसलेल्या घरी, मत द्यायला का आला नाहीत ते विचारायला जायलाय.

काल माझ्या दारात आला. मी घराण्यातला पहिला पदवीधर. पक्ष हरणारच म्हणून मतदानाला गेलोच नव्हतो.

"सर, लोक म्हनतेत, शिकलेलेच आले न्हाईत, आमी कशाला यावं?"

त्यानं यादी माझ्या हातात दिली, वर पेन्सिलही ठेवली.

"ऱ्हायलेली घरं तुमी करा. तुमी गेलते का, असं लोक इचारतील. खरं सांगा."

बोलून झाल्यावर त्याचा हात सवयीनं रिकाम्या कानामागं गेला.